छातीवर बिल्ला, शेजारी कुटुंब: १९व्या शतकातल्या अमेरिकी फोटोंमधल्या या खुणा काय सांगतात?

एक माणूस खुर्चीत ताठ बसलाय. अंगात काळा कोट, गळ्यात रुंद पट्टा, पट्ट्यावर चकाकणारी चिन्हं आणि कमरेला चक्क एप्रन. शेजारी बायको उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. पुढे दोन मुलं, नवे बूट घातलेली. हसत कुणीच नाही.

१९व्या शतकातल्या अमेरिकेत काढलेले असे फोटो आजही मोठ्या संख्येने सापडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा बँडमधला वादक असेल, नाहीतर नाटकातला नट. काही जण तर ‘जगावर राज्य करणारी गुप्त संघटना’ असं लिहून फोटो पुढे ढकलतात. प्रत्यक्षात तो माणूस गावातला सुतार, शिंपी, दुकानदार किंवा रेल्वेतला कामगार असण्याची शक्यता जास्त. गळ्यातला पट्टा ही त्याच्या बंधुसंघाची खूण असायची आणि ती घालून फोटो काढायचा तर तो सहसा ठरवूनच, चांगले कपडे काढून, घरच्यांना घेऊन.

बंधुसंघ म्हणजे नेमकं काय?

फ्रीमेसन, ऑड फेलोज, नाइट्स ऑफ पिथियस अशा नावांच्या या संघटना. त्यांच्या स्थानिक शाखेला ‘लॉज’ म्हणत. (मुक्कामाच्या लॉजशी याचा काही संबंध नाही.) सभासद एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणत. प्रवेशाचा विधी असे, शपथ असे, पायऱ्या चढाव्यात तशा पदव्या असत आणि प्रत्येक पदवीचा वेगळा पोशाख. बैठकीत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही, हा नियम. संघटनेत आहोत हे मात्र लपवायचं कारण नव्हतं. उलट ते मिरवणुकीत, अंत्ययात्रेत आणि फोटोत मुद्दाम दाखवलं जायचं.

विधी आणि पोशाख बाजूला ठेवले तर आत उरतो तो पैशांचा आणि आधाराचा व्यवहार. आपल्याकडची भिशी, पतपेढी आणि ज्ञातिमंडळ एकत्र केलं तर जे होईल, साधारण तसं. इंग्लंडहून आलेल्या थॉमस वाइल्डी या लोहाराने १८१९ मध्ये बाल्टिमोर शहरात ऑड फेलोजची अमेरिकी शाखा सुरू केली. त्यांनी सभासदाला नेमून दिलेली कामं साधी होती: आजाऱ्याला भेटायचं, अडलेल्याला मदत करायची, मेलेल्याला पुरायचं आणि अनाथाला शिकवायचं. सभासद नियमित वर्गणी भरत. कुणी आजारी पडून काम थांबलं तर लॉज त्याला ठरलेली रक्कम देई. मेला तर दफनाचा खर्च उचली.

सरकारी विमा नाही, पेन्शन नाही, कामावर हात तुटला तर भरपाई नाही, अशा काळात ही गोष्ट किती मोठी होती हे लक्षात घ्यावं लागतं. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियात निघालेल्या ‘एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन’ या संघाने तर सरळ जीवनविम्यासारखीच योजना काढली. एखादा सभासद गेला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि ती रक्कम त्याच्या घरच्यांना. म्हणजे फोटोतल्या बिल्ल्याचा शेजारी उभ्या असलेल्या बायकोशी थेट संबंध होता. नवरा गेला तर दारात कोण येणार, याचं उत्तर त्या बिल्ल्यात होतं.

त्यामुळे हे संघ वाढले, आणि फार वाढले. १८९७ मध्ये एका अमेरिकी मासिकातल्या लेखात अंदाज दिला होता की देशात साधारण १.९ कोटी प्रौढ पुरुष आहेत आणि संघांची सभासदसंख्या ५४ लाखांच्या आसपास आहे. अनेक जण एकाहून जास्त संघांत असत, त्यामुळे प्रत्यक्ष माणसं कमी भरतील. तरीही आकडा छोटा नाही.

कॅमेरा नेमका कोणत्या वेळी आला?

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये डॅगेरोटाइपची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटणारं चित्र, आरशासारखं लखलखीत, एकच प्रत. अमेरिकेने ते लगेच उचललं. सुरुवातीला कित्येक मिनिटं लागणारा वेळ काही वर्षांतच एका मिनिटाच्या आत आला आणि माणसांचे फोटो काढणं हा धंदा झाला.

याच सुमारास अमेरिकेतले लॉज एका मोठ्या फटक्यातून सावरत होते. १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाचा माणूस बेपत्ता झाला. त्याने फ्रीमेसनांची गुपितं छापायची घोषणा केली होती आणि त्यांनीच त्याला संपवलं असा लोकांचा समज झाला. त्यातून चक्क मेसनविरोधी राजकीय पक्ष उभा राहिला. लॉज ओस पडले आणि सभासद असल्याचं सांगायलाही लोक कचरू लागले. १८४० च्या दशकात वातावरण निवळलं आणि नेमकी तेव्हाच गावोगावी फोटोची दुकानं दिसू लागली. त्या काळात एप्रन लावून कॅमेऱ्यासमोर बसणं म्हणजे ‘मी यात आहे आणि मला त्याची लाज नाही’ असं सांगणंही होतं.

डॅगेरोटाइप सगळ्यांना परवडत नव्हता. पुढे स्वस्त पर्याय आले. १८५० च्या दशकात काचेवरचा अँब्रोटाइप आला आणि १८५६ मध्ये टिनटाइपचं पेटंट घेतलं गेलं. नावात टिन असलं तरी तो पत्रा लोखंडाचा असतो, चुंबक लावला तर चिकटतो. फ्रान्समध्ये दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ मध्ये ‘कार्त द विझित’चं पेटंट घेतलं. एका काचेवर आठ छोटी चित्रं, मग ती कागदावर छापून व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायची. आता एका फोटोच्या डझनभर प्रती निघू लागल्या. एक आईला, एक परगावच्या भावाला, एक लॉजमधल्या मित्राला. १८६६ च्या सुमारास थोडं मोठं ‘कॅबिनेट कार्ड’ आलं आणि टेबलावर मांडून ठेवायचा घरगुती फोटो पुढची काही दशकं त्याच आकारात निघत राहिला.

खुणा कशा वाचायच्या?

सगळ्यात पहिली अडचण म्हणजे उजवं-डावं. डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये चित्र थेट पत्र्यावर उमटतं, म्हणून ते आरशातल्यासारखं उलटं असतं. डाव्या छातीवरचा बिल्ला उजवीकडे दिसतो. कोटाची बटणं उलट्या बाजूला. लग्नाची अंगठी भलत्याच हातात. पट्ट्यावर अक्षरं असतील तर ती उलटी. मोबाइलमध्ये फोटो घेऊन आडवा फिरवला की अक्षरं वाचता येतात. कागदावर छापलेल्या कार्डात ही भानगड नसते.

दुसरी गंमत रंगांची. त्या काळातली रसायनं निळ्या प्रकाशाला लगेच प्रतिसाद देत, लाल प्रकाशाला जवळपास नाहीच. म्हणून निळी गोष्ट फोटोत फिकट, कधीकधी पांढरी दिसते आणि लाल गोष्ट काळी. फ्रीमेसनांच्या पांढऱ्या एप्रनला अनेकदा फिकट निळी किनार असे, ती फोटोत जवळपास गायब होते. उलट ऑड फेलोजच्या काही पदाधिकाऱ्यांचा भडक लाल पट्टा पाहून तो शोकाचा काळा पट्टा आहे असं वाटतं. केवळ फोटोतल्या काळ्या रंगावरून ‘घरात कुणीतरी गेलं असावं’ असा निष्कर्ष काढू नये.

खऱ्या शोकाची खूण वेगळी होती आणि ती फार हुशारीने बनवलेली असे. १९व्या शतकाच्या शेवटाकडे संघांच्या रेशमी फितींचे बिल्ले दुहेरी असत. एक बाजू रंगीत, मिरवणुकीसाठी. दुसरी काळी, त्यावर चंदेरी अक्षरांत ‘स्मरणार्थ’ असा मजकूर, अंत्ययात्रेसाठी. बिल्ला उलटा करून लावायचा की झालं.

चिन्हांचं म्हणाल तर थोडी ओळखली तरी बरंच भागतं. गुण्या आणि कर्कटक, म्हणजे गवंड्याची हत्यारं, मध्ये इंग्रजी ‘जी’ हे अक्षर: फ्रीमेसन. साखळीच्या तीन कड्या आणि त्यात एफ, एल, टी ही मैत्री, प्रेम, सत्य यांची आद्याक्षरं: ऑड फेलोज. एफ, सी, बी ही अक्षरं: नाइट्स ऑफ पिथियस. पिसांची टोपी आणि कमरेला तलवार दिसली की लोक त्याला सैनिक समजतात, पण तो बहुधा फ्रीमेसनांच्या ‘नाइट्स टेम्प्लर’ या वरच्या शाखेचा सभासद असतो.

आणखी एक चिन्ह घोटाळ्याचं. गरुड, खाली झेंड्याच्या रंगांची फीत आणि त्याला लटकणारा पंचकोनी तारा. हा बिल्ला यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांच्या ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या संघटनेचा. तो अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी पदकासारखा, म्हणजे ‘मेडल ऑफ ऑनर’सारखा इतका दिसायचा की १९०४ मध्ये शेवटी सैन्याने पदकाचंच रूप बदललं. आजही अनेक घरांत पणजोबांना मोठं शौर्यपदक मिळालं होतं अशी समजूत असते, आणि फोटोत असतो तो या संघटनेचा बिल्ला.

चिन्हावरून काळही ठरवता येतो. नाइट्स ऑफ पिथियसची स्थापना १८६४ ची, ग्रँड आर्मीची १८६६ ची. त्यांचा बिल्ला दिसला तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. फितीवर लॉजचा क्रमांक आणि गावाचं नाव असेल तर त्याहून चांगलं, कारण लॉज सभासदांच्या नोंदी ठेवत. नाव हरवलेल्या माणसाचा माग अशा एका आकड्यावरूनही लागू शकतो.

धातूचे बिल्ले फोटोत कधीकधी खरोखर सोनेरी दिसतात. फोटोग्राफर नंतर बारीक कुंचल्याने त्यावर सोनेरी रंग लावत, गालांवर किंचित गुलाबी. त्याचा फायदा आज असा की कोणती वस्तू नीट दिसली पाहिजे असं वाटत होतं ते कळतं. अंगठी, घड्याळाची साखळी, कानातले आणि संघाचं चिन्ह यांवरच सोनं चढलेलं असतं.

फ्रेममधल्या बायका

बहुतेक संघ पुरुषांचे. तरी बायका फोटोत फक्त शेजारी उभ्या आहेत असं समजायचं कारण नाही. १८५१ मध्ये ऑड फेलोजनी स्त्रियांसाठी ‘रिबेका’ नावाची पदवी सुरू केली. तिचा मसुदा करणारे शुयलर कोलफॅक्स पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. सुरुवातीला ती सभासदांच्या बायकांपुरतीच होती. फ्रीमेसनांच्या घरातल्या स्त्रियांसाठी ‘ईस्टर्न स्टार’ होता, त्याची खूण पाच टोकांचा तारा. त्यामुळे नवरा-बायको दोघांच्याही अंगावर पट्टे असलेला फोटो मिळाला तर तिचा पट्टा बहुधा हौसेने घातलेला नसतो, तिचा स्वतःचा असतो.

ज्यांना हा बिल्ला घालायलाच मनाई होती

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कृष्णवर्णीय अमेरिकनांचा आहे. गोऱ्यांचे संघ त्यांना घेत नसत. ‘बंधुत्व’ हा शब्द घोषवाक्यात असूनही.

१७७५ मध्ये बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल आणि त्यांच्या १४ सहकाऱ्यांना एका ब्रिटिश लष्करी लॉजने फ्रीमेसन करून घेतलं. अमेरिकी लॉजांनी त्यांना मान्यता दिली नाही, तेव्हा त्यांनी थेट इंग्लंडकडून सनद मिळवली. १८४३ मध्ये तेच पुन्हा घडलं. अमेरिकी ऑड फेलोजनी कृष्णवर्णीयांना नाकारलं. पीटर ऑग्डेन हे जहाजावर काम करणारे गृहस्थ लिव्हरपूलमध्ये आधीच सभासद झाले होते. त्यांनी इंग्लंडहून सनद आणली आणि न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र संघ उभा केला.

तेव्हा दक्षिणेत गुलामगिरी होती. गुलामांचं लग्न कायद्याला मान्य नव्हतं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे विकली जाऊ शकत. उत्तरेतल्या वर्तमानपत्रांत आणि रंगमंचावर कृष्णवर्णीयांची टवाळी करणारी व्यंगचित्रं आणि सोंगं चालत. अशा देशात एका कृष्णवर्णीय माणसाने चांगला कोट, लॉजचा पट्टा घालून, बायको-मुलांना शेजारी घेऊन फोटो काढणं हा निव्वळ हौसेचा मामला कसा असेल?

फ्रेडरिक डग्लस यांना हे नीट कळलं होतं. गुलामगिरीतून पळून आलेले हे वक्ते आणि संपादक १९व्या शतकात सर्वाधिक फोटो काढले गेलेले अमेरिकन मानले जातात. त्यांचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो सापडले आहेत. फोटो या विषयावर त्यांनी स्वतंत्र व्याख्यानं दिली. कॅमेरा व्यंगचित्रकाराच्या पूर्वग्रहाला उत्तर देतो, अशी त्यांची धारणा होती. गंमत म्हणजे बंधुसंघांवर मात्र ते नाराज होते. हक्कांसाठी सभा बोलावली तर मूठभर लोक येतात आणि ऑड फेलोजच्या सोहळ्याला हजारो, अशी टीका त्यांनी १८४८ मध्ये केली होती. टीका चुकीची नव्हती. पण आजारपणात पैसे देणारा, मेल्यावर सन्मानाने पुरणारा आणि आतल्या पदांवर आपल्याच माणसाला बसवणारा दुसरा पर्याय लोकांपुढे नव्हता, हेही खरं.

काही फोटोग्राफर स्वतःही कृष्णवर्णीय होते. हार्टफर्डचे ऑगस्टस वॉशिंग्टन, सिनसिनाटीचे जेम्स प्रेस्ली बॉल. बॉल यांचा स्टुडिओ १८५० च्या दशकात शहरातल्या नामांकित स्टुडिओंपैकी होता.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात यादवी युद्धाच्या काळातला एक फोटो आहे. उत्तरेच्या सैन्याच्या गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक, बायको आणि दोन मुली. मुलींना एकसारखे कोट आणि टोप्या. त्यांची नावं फोटोसोबत आलेली नाहीत. इथे बिल्ला नाही, गणवेश आहे, पण मांडणी तीच: पुरुषाने मिळवलेली खूण आणि तिच्याभोवती उभं कुटुंब.

गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांचे संघ झपाट्याने वाढले आणि मग भांडण बिल्ल्यावरच आलं. गोऱ्यांच्या संघांनी अनेक राज्यांत कोर्टात धाव घेतली: आमचं नाव, आमची चिन्हं, आमचा पोशाख या लोकांना वापरू देऊ नका. जॉर्जियाच्या वरिष्ठ न्यायालयाने कृष्णवर्णीय नाइट्स ऑफ पिथियसना तशी मनाईही केली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९१२ मध्ये निकाल फिरला. इतकी वर्षं गप्प बसून आता तक्रार करता येणार नाही, असं कोर्टाने गोऱ्या संघाला सुनावलं. १९२९ मध्ये ‘श्राइनर’ संघाच्या बाबतीत टेक्ससच्या खटल्यात पुन्हा तसाच निकाल आला. छातीवर एक फीत लावायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे माहीत असलं की त्या काळातला एखादा साधा कॅबिनेट कार्डही वेगळा दिसू लागतो.

याच काळात, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांचे शेकडो फोटो मांडले. त्यातले कित्येक अटलांटाचे कृष्णवर्णीय फोटोग्राफर थॉमस अ‍ॅस्क्यू यांनी काढलेले होते. घरं, दुकानं, पियानो, इस्त्रीचे कपडे घातलेली मुलं. बहुतेकांखाली नाव नाही.

सोशल मीडियावरचे दोन गैरसमज

पहिला ‘लपवलेल्या हाता’चा. कोटात हात घालून उभा असलेला माणूस म्हणजे फ्रीमेसन, अशा पोस्ट सतत फिरतात आणि त्यात नेपोलियन असतोच. ही ढब १८व्या शतकातल्या तैलचित्रांतून आली. सभ्य गृहस्थाने कसं उभं राहावं हे शिकवणाऱ्या पुस्तकांत ती दिलेली असायची. फोटोग्राफरना ती सोयीची पडली, कारण काही सेकंद हात हलू नये यासाठी तो कुठेतरी अडकवणं बरं. एप्रन नाही, चिन्ह नाही, तर नुसत्या हातावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरा गैरसमज पायांमागे दिसणाऱ्या लोखंडी स्टँडचा. तो दिसला की ‘हा मृत माणसाचा फोटो’ अशी ओळ लिहिली जाते. तो स्टँड मान स्थिर ठेवायला होता, जिवंत माणसासाठी. मृतदेहाचं वजन त्याला पेललंच नसतं. मृतांचे फोटो काढत, पण ते झोपवून किंवा आईच्या मांडीवर.

मुंबईत काय चाललं होतं?

हा प्रकार केवळ अमेरिकेतला नाही. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये ‘लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ सुरू केला, तो भारतीयांना प्रवेश देण्यासाठी. त्यामागे माणकजी कर्सेटजी हे पारशी सुधारक होते. त्यांना इथल्या युरोपियन लॉजांनी नाकारलं होतं आणि शेवटी पॅरिसमध्ये त्यांचा प्रवेश झाला. इथेही गोष्ट नाकारण्यापासूनच सुरू होते. लोकांना आत काय चालतं ते कळत नसे, म्हणून देशात अनेक ठिकाणी लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ असं नाव पडलं.

कॅमेराही मुंबईत लवकर पोहोचला. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते. पगडी, उपरणं, शेजारी टेबलावर पुस्तकं असे फोटो महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आहेत. त्यात एखाद्या आजोबांच्या कोटावर पट्टा आणि कमरेला एप्रन दिसला तर त्याला नाटकातला पोशाख समजून बाजूला ठेवू नये.

फोटो हातात असेल तर

मागची बाजू आधी पाहावी. अमेरिकी कार्डामागे छोटं कर-तिकीट चिकटवलेलं असेल तर तो फोटो सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांतला. यादवी युद्धाचा खर्च भागवायला सरकारने तेव्हा फोटोंवरही कर लावला होता. स्टुडिओचा पत्ता छापलेला असेल तर गाव कळतं आणि बिल्ल्यावरचा लॉज क्रमांक त्या गावाशी जुळवता येतो. डॅगेरोटाइप असेल तर काच काढून पत्रा कापडाने पुसायचा मोह टाळावा. चित्र पृष्ठभागावरच असतं आणि एका फटक्यात कायमचं निघून जातं.